विरजणाची अट

रविवार, १ मे २००५. जयपूर, मालवीय नगर. वरच्या मजल्याचे भाडे महिना साडेचार हजार, दोन महिन्यांची अनामत नऊ हजार. हजर माणसे चार: घरमालक, घर दाखवणारा डीलर, मी आणि माझी पत्नी सुनंदा. अनामत मोजून झाली, डीलरने सहीसाठी पेन पुढे केले, तेव्हा घरमालक मराठीत म्हणाले, "एक अट राहिली. मी विरजण देईन. रोज एक वाटी दही त्याचंच लावायचं. खा, नका खाऊ, पण दुसऱ्या दिवशीपुरतं ठेवायचं. खंड पडला नाही पाहिजे."

मग तेच त्यांनी डीलरला हिंदीत सांगितले.

"दही?" डीलर म्हणाला. "एग्रीमेंट में लिख दूँ, बाऊजी?"

"लिखो."

त्याने लिहिले. मी विमा कंपनीत अधिकारी. शहरातल्या सी-स्कीम भागातल्या कचेरीत माझा दिवस इतरांच्या करारातल्या अटी वाचण्यात जायचा, पण अशी अट मी पाहिली नव्हती. जिन्यात सुनंदा हळूच म्हणाली, "दही भाड्यात धरलंय का वेगळं?" मी म्हणालो, "या भावात मालवीय नगरात तीन खोल्या मिळत नाहीत. दही लावू."

घरमालक निवृत्त भूवैज्ञानिक होते. मूळ नागपूरचे. नोकरीची बहुतेक वर्षे राजस्थानात गेली आणि ते तिथेच राहिले. पत्नी वारल्या होत्या. एकुलती मुलगी लग्न होऊन हैदराबादला होती. खालच्या खोल्यांत ते आणि त्यांचे दगड. दगड दिवाणावर, दगड फ्रीजवर, दगड पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर. पाहुणा आला की ते खुर्चीवरचा दगड उचलून मांडीवर घेऊन बसत, आणि पाहुणा जाईपर्यंत तो मांडीवरच असे. आम्ही त्यांना काका म्हणत असू. ते मला विमासाहेब म्हणत, त्यात थोडी चेष्टा होती.

कोणतीही वस्तू दिसली की "किती जुनं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आमचा देव्हारा, माझी स्कूटर, आमच्या मुलीचा ताप, सगळ्याला तोच. गल्लीत भाजीवाला यायचा. "ताज़ी है बाऊजी, आज सुबह की," तो म्हणायचा. काका भेंडी मोडून बघत आणि म्हणत, "पत्थर के हिसाब से तो तू भी ताज़ा है." भाजीवाल्याला हे पाठ झाले होते. काका गप्प राहिले तर तोच आठवण करून द्यायचा.

विरजणाची कथा त्यांनी आम्हाला पहिल्या महिन्यात सांगितली, तीही सुनंदाने स्पष्टच विचारले म्हणून. ते विरजण त्यांच्या पत्नीने लग्नानंतर वर्ध्याहून, माहेरून आणलेले. बदल्या होत गेल्या, संसार गावोगाव फिरला, दही तेच राहिले. "मला तेव्हा दही म्हणजे दही," ते म्हणाले. "मी कॅम्पवर असे. ती अचानक गेली. तेरावा झाला, माणसं गेली, फ्रीज उघडला. वाटीभर दही होतं, तिनं लावलेलं. खाल्लं असतं तर संपलं असतं."

एवढेच. त्या दिवसापासून त्यांनी खंड पडू दिला नव्हता. म्हणून ते कुठे जात नसत. मुलगी फोनवर बोलावून बोलावून थकली होती. नातू झाला तेव्हासुद्धा तिनेच त्याला जयपूरला आणून दाखवले. शेजाऱ्यांना विरजण देऊन पाहिले, त्यांनी त्याचे रायते केले. आधीच्या भाडेकरूंनी संपले की डेअरीचे दही आणून तेच म्हणून पुढे चालवले. काकांना चवीवरून कळले. "लबाडी नव्हती," ते म्हणाले. "त्यांना दोन्ही सारखीच वाटायची." म्हणून आता अट लेखी होती.

ते दही लावत ते भांडेही वेगळे. जैसलमेरकडे हाबूर नावाचे गाव आहे, तिथल्या पिवळसर तपकिरी दगडाचे. त्या दगडात जुन्या समुद्रातल्या जिवांचे शिंपले गच्च भरलेले असतात. त्या भागात लोक म्हणतात की या दगडाच्या भांड्यात विरजण न घालता दूध लागते. काका म्हणत, "दगडानं काय दही लागते? भांडी नीट घासत नाहीत, एवढंच." त्यांच्या पत्नीने मात्र ते भांडे कधी वापरले नव्हते. मढ्यांच्या भांड्यात मी दूध ओतणार नाही, असे त्यांनी बजावले होते.

एकदा त्यांनी मला त्या भांड्याच्या आतून बोट फिरवायला लावले. आत खरखरीत होते, शिंपल्यांच्या कडा वर आलेल्या. "आणलं तेव्हा गुळगुळीत होतं," ते म्हणाले. "दही आंबट, दगड चुन्याचा. रोज थोडं खाते." मग लिंबू आणून चुनखडीच्या एका चिपेवर पिळले. बारीक फेस आला. "हवेतला धूर समुद्रात विरघळला की समुद्र असाच आंबट होत जाते. शिंपलेवाल्यांचं मग काय होणार?"

त्यांचा सगळा अभ्यास मेलेल्यांचा होता. पुस्तकात ज्याला सामूहिक विलोप म्हणतात त्याला ते "मोठी मर" म्हणत. पिकावर मर पडते तशी. अशा पाच मोठ्या मरी होऊन गेल्या. सगळ्यांत भयंकर पंचवीस कोटी वर्षांपूर्वीची. सायबेरियात लाव्हा उसळला, वाटेतले कोळशाचे थर जळाले, हवा तापली, समुद्र तापला, आंबला, त्यातला प्राणवायू घटला. समुद्रातल्या दहांतल्या जवळजवळ नऊ जाती गेल्या. हे ते असे सांगत की गल्लीतल्याच कुणाच्या घरची गोष्ट वाटावी.

मी सांगलीकडचा. पाचव्या, डायनासोर गेले त्या मरीच्या वेळी लाव्हा आमच्याकडे उसळला होता, हे त्यांच्याकडून कळले. "तुमचा तो काळा दगड, ज्याचा पाटा-वरवंटा करता. आकाशातून धोंडा पडला ते खरं, पण तुमच्याकडचा लाव्हाही तेव्हा हात मारूनच राहिला होता. सांगलीकरांनी एवढी ऐट करू नये."

मी आकड्यांचा माणूस, मला हे लगेच पटत नसे. एका संध्याकाळी मी म्हणालो, "काका, शंभर वर्षांत सरासरी तापमान तीन-चार अंश वाढणार म्हणतात. जयपुरात सकाळ-दुपारमध्येच पंधरा अंशांचा फरक असतो. आपण मरतो का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी काका चार वाट्या घेऊन वर आले. एकच दूध, एकच विरजण. एक वाटी माठाच्या शेजारी ठेवलेली, एक स्वयंपाकघरात, एक जिन्यात, एक गच्चीवर पत्र्याखाली. आम्हा तिघांना चमचे दिले. पहिली गोड, जराशी सैल. दुसरी उत्तम. आमची मुलगी तेव्हा सहावीत होती. तिसऱ्या वाटीला तिने तोंड वाकडे केले. "ये तो… मतलब, आंबट आहे खूप."

"दुसरीत आणि तिसरीत चार अंशांचा फरक होता," काका म्हणाले. "मी मोजून राहिलो होतो."

चौथ्या वाटीत पाणी सुटले होते, वास येत होता. ती कुणी तोंडाला लावली नाही.

"दुधाला घटकाभर ऊन लागलं तर काही होत नाही, विमासाहेब. रात्रभर लागलं की होते. तुमचा पंधरा अंशांचा फरक घटकाभराचा. मी रात्रीचं सांगून राहिलो."

त्यावर मी विम्याची बाजू मांडली. म्हणालो, आमचा सगळा धंदा एका गोष्टीवर उभा आहे: सगळ्यांची घरे एकदम जळत नाहीत. एकाचे जळते, उरलेल्यांच्या हप्त्यातून त्याला देता येते.

"आणि एकदम जळली तर?"

"तर कंपनी बुडेल."

"हां," ते म्हणाले. बराच वेळ खूश दिसले. "एरवीही जाती मरतच असतात, एखाद-दुसरी. त्याचा हिशेब जमते. मोठ्या मरीत हप्ते भरणारेच उरत नाहीत." पुढे कितीतरी दिवस ते हे वाक्य माझ्या नावावर सांगत. मी ते म्हणालो नव्हतो.

एका रविवारी त्यांनी मला रामगडच्या तलावावर नेले. या तलावाचे पाणी एकेकाळी शहर पीत होते. आम्ही गेलो तेव्हा तळाला भेगा पडल्या होत्या आणि मुले क्रिकेट खेळत होती. काका भर उन्हात आत चालत गेले, चिखलात रुतलेले गोगलगाईचे पांढरे कवच उचलले, रुमालात बांधले. मी काठावरच्या सावलीत उभा होतो. एवढ्या मोकळ्या जागेत एकटाच वाकलेला माणूस लांबून फार लहान दिसत होता. परत आल्यावर मी विचारले, "किती जुनं?" ते म्हणाले, "कालचं."

तिथल्या मराठी मंडळाने त्या वर्षी गणपतीत त्यांचे व्याख्यान ठेवले. नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबांचे मंडळ, बँकेतले, विम्यातले, सरकारी खात्यांतले. वीस मिनिटे दिली होती. विषय त्यांनी फळ्यावर लिहिला: 'कोण वाचते?' सुरुवातीला सभागृह बरे भरले होते. पण मागच्या खोलीत मसालेभाताचे झाकण उघडले गेले आणि वास आला. एकेक जण उठू लागला. काका बोलत राहिले. बलवान वाचत नाही, म्हणाले. संख्येने जास्त असलेलाही वाचत नाही. अमोनाइट नावाचे शिंपलेवाले समुद्रभर होते, ते सगळे गेले. त्यांचा चुलत भाऊ नॉटिलस, मूठभर, खोल पाण्यात राहिलेला, अजून आहे. "वाचते कोण? जे चार ठिकाणी पसरलेलं आहे. जे थोडक्यात भागवते. आणि जे निजून राहू शकते. बी, अंडं, काही न करता पडून राहणारं. एकाच भांड्यात ठेवलेलं वाचत नाही." शेवटी समोर उरलो आम्ही दोघे, दोन म्हातारे आणि माइकवाला. मुलगी केव्हाच मागच्या खोलीत गेली होती. माइकवाल्याने टाळी वाजवली. त्याला मराठी येत नव्हते.

जेवताना मंडळाचे सचिव म्हणाले, "काका, पुढच्या वर्षी काहीतरी हलकंफुलकं घ्या."

"डायनासोर घेतो," काका म्हणाले.

पुढच्या मे महिन्यात आम्ही तीन आठवड्यांच्या रजेवर सांगलीला निघालो. काकांनी आठवडाभर आधीपासून जिन्यात येरझारा घातल्या. आमची वाटी म्हणजे त्यांचे दुसरे भांडे. ती वाटी त्यांच्यासाठी आम्ही फ्रीजमध्ये ठेवणार होतो आणि किल्ली त्यांच्याकडे देणार होतो, तरी त्यांचे समाधान होईना.

"मी थोडं बरोबर नेते ना, काका," सुनंदा म्हणाली.

"या उन्हात? रेल्वेत? डब्यात आंबून मरेल ते."

"डब्यात नाही नेत."

त्यांनी पुढे विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. तिला त्यात सांगण्यासारखे काही वाटले नव्हते.

जूनमध्ये परत आलो. फाटक उघडे होते. काका ओट्यावर बसले होते, चेहरा उतरलेला, गळ्याच्या शिरा वर आलेल्या. शेजारी ते दगडी भांडे पालथे घातलेले. आम्ही टॅक्सीतून सामान काढत असताना ते बसूनच म्हणाले, "संपलं."

मला वाटले हैदराबादहून काही वाईट बातमी आहे. हळूहळू कळले. त्यांना लू लागली होती, म्हणजे उष्माघात. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेले. ते तिथे असताना गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळला आणि त्या उन्हाळ्यात दोन दिवस वीज आली नाही. घरी येऊन पाहतात तर खालच्या फ्रीजमधल्या दह्यावर गुलाबी बुरशी, वरच्या फ्रीजमधल्या वाटीवरही तीच. फ्रीजवर डेअरीच्या दह्याचे पाकीट होते, कुणी शेजाऱ्याने आणून दिलेले, न फोडलेले.

"दोन भांडी होती," ते मला म्हणाले. "पण एकाच तारेवर. हे तुम्ही तरी मला सांगायला पाहिजे होतं, विमासाहेब. हे तुमच्या धंद्यातलं आहे."

सुनंदा वर गेली होती. ती हातात वर्तमानपत्राची पुडी घेऊन खाली आली. पुडीत पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा होता, पापडासारखा कडक झालेला.

"दूध आहे का, काका?"

"हे काय?"

"तुमचं विरजण. दह्यात भिजवून सावलीत वाळवलं. सांगलीला एका तुकड्यावर लावलं, तिथं छान लागलं. निघताना परत वाळवून आणलं."

"कोरडं झालं म्हणजे मेलं ते."

"मरत नाही, काका. निजतं. मंडळात तुम्हीच तर सांगितलंत."

तिने त्यांच्याच स्वयंपाकघरात दूध कोमट केले, तुकडा बुडवला, झाकून ठेवले. पहिल्या दिवशी लागले ते सैल, तार सुटलेले. त्यातले चमचाभर घेऊन परत लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी चमचा तोंडात घातला आणि तसाच धरून ठेवला.

"हे कुठं शिकल्या तुम्ही?"

"शिकायचं काय त्यात? आई करायची. बदल्या असल्या की सगळ्याच करतात. काकूंनीही केलं असणार, एवढ्या बदल्या झाल्या तुमच्या. त्याशिवाय वर्ध्याचं दही इथवर आलं कसं?"

काकांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "दर वेळी ट्रंकेत असायचं एक पांढरं फडकं. कागदात. बिकानेरला सामान सोडताना मी त्यानं माझे नमुने पुसले होते. दोन दिवस ती बोलली नाही माझ्याशी. काऊन, ते मला कळलं नव्हतं."

सुनंदाला हसू आले आणि तिने ते आवरले. ते स्वतःच हसले, मग थांबले. भांड्याच्या काठावरून बोट फिरवत राहिले.

"म्हणजे मी जाऊ शकत होतो," ते म्हणाले. "अकरा वर्षं. खिशात घालून."

त्या डिसेंबरात ते हैदराबादला गेले. सुनंदाने दोन फडकी वाळवून दिली, एक शर्टाच्या खिशात, एक बॅगेत; एकाच ठिकाणी ठेवायचे नाही हे आता ती त्यांना सांगत होती. महिनाभर राहणार होते, बाराव्या दिवशी परत आले. आम्ही विचारले. "चांगलं आहे सगळं," म्हणाले. चहा झाल्यावर म्हणाले, "मी लावलेलं दही स्वयंपाकवालीनं कढीत घातलं. दुसरं फडकं बॅगेत होतं, पण मग मी काढलंच नाही. त्यांच्याकडे डब्याचं चालते." नातवाबद्दल म्हणाले, "मी हिंदीत बोललो, तो इंग्रजीत. अमोनाइट मात्र त्याला माहीत होतं." हे त्यांनी नंतर दोनदा सांगितले.

त्यांचा तोच विषय पुढेही चालू राहिला, पण बोलणे थोडे बदलले. पूर्वी ते कोण मेले ते सांगत. आता म्हणत, "पृथ्वी काहीतरी निजवून ठेवतेच. प्रत्येक मरीनंतर पुन्हा लागलं आहे. पण सुनंदाबाईंना दोन दिवस लागले. पृथ्वीला पन्नास लाख वर्षं लागतात, कधी कोटी. आणि ते दही वेगळंच असते, त्यात आधीचे नसतात. म्हणून म्हणतो, फडकं आहे म्हणून भांडं फोडू नये."

२००८च्या फेब्रुवारीत ते गेले, दुपारी, खुर्चीत. मांडीवर दगड होता, म्हणजे कुणी पाहुणा येऊन गेला असावा किंवा येणार असावा. आम्हाला ते कळले नाही.

त्यांची मुलगी हैदराबादहून आली. चाळिशीची, शांत. राजस्थानात वाढलेली, मराठी अडखळत बोलणारी. चौथ्या दिवशी आम्ही खाली गेलो तेव्हा ती दगड खोक्यांत भरत होती. "एवढे पत्थर मी कुठे नेऊ? मतलब, एक-दोन ठेवीन," ती म्हणाली. दगडी भांडे तिच्या हातात होते आणि ती ते आतून एका पांढऱ्या फडक्याने पुसत होती. शेजारी वर्तमानपत्राचा उलगडलेला कागद पडला होता.

"अगं, त्यानं नको पुसू," सुनंदा म्हणाली. जरा मोठ्यानेच.

मुलगी थांबली. फडक्याकडे पाहिले. ते पार मळले होते. "हे त्यांच्या बॅगेत होतं," ती म्हणाली. "मार्चमध्ये येणार होते आमच्याकडे. टिकट पण आहे." मग हळू आवाजात, "आई पण एकदा अशीच ओरडली होती. बाबांवर. मी लहान होते. काय होतं ते?"

सुनंदाने तिला सांगितले. ती खाली फरशीवर बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने फडक्याची हातातच घडी घातली.

"मतलब, हे गेलं?"

"हे गेलं," सुनंदा म्हणाली. "वर, आमच्याकडे आहे."

आम्ही घर सोडायचे ठरले, हिशेब त्याच आठवड्यात मिटला. अनामत नऊ हजार मला परत मिळाली, फेब्रुवारीचे भाडे मी मुलीला रोख दिले. सुनंदाने तिला दोन फडकी दिली, वाळलेली, वेगवेगळ्या कागदांत. एक तिने पर्समध्ये ठेवले, एक सूटकेसमध्ये. पावती कुणी मागितली नाही.